जोडीला आणलेलं पिल्लू

आमच्या वस्तीवर दुसरं पिल्लू आलं तेव्हा पहिलं कुत्रं चौदा महिन्यांचं होतं. हे मी अंदाजाने सांगत नाही. ते आमच्याच कडब्याच्या गंजीखाली, गौरी बसल्या त्या दिवशी जन्मलं होतं. दुसरं आलं ते पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर सहाव्या दिवशी. पहिल्यासकट एका भटक्या कुत्रीची पाच पिल्लं होती. त्यातली तिघं आठवडाभरात मेली. एक तिने तोंडात धरून कुठेतरी नेलं आणि ती पुन्हा आलीच नाही. उरलं ते हे. काळं कुळकुळीत, पुढच्या उजव्या पायाची बोटं तेवढी पांढरी. माझ्या बायकोने त्याला बोळ्याने शेळीचं दूध पाजलं, आणि दीड महिन्याचं झाल्यावर ते माझ्या मागे बांधावरून चालायला लागलं.

आमचं रान सोनईपासून चार मैलांवर, साडेपंधरा एकर, एकाच तुकड्यात होतं. लांबी चारशे पावलं, रुंदी दोनशे सत्तर. रोज सकाळी चहा झाला की मी बांधाबांधाने एक फेरा मारत असे. तेराशे चाळीस पावलं. कुठे बांध फुटला, कुठे गुरं शिरली, विहिरीचं पाणी किती पायऱ्या उतरलं, हे त्या फेऱ्यात कळायचं. काळं कुत्रं माझ्या पुढे वीसेक पावलं चालायचं आणि प्रत्येक कोपऱ्यावर थांबून मागे बघायचं. चार कोपरे, चार वेळा. वर्षभरात त्याने एकदाही हे चुकवलं नाही.

मोजण्याची सवय मला वडिलांनी लावली. पेंढ्या मोजताना ते माझ्या हातात खडे देत आणि शंभराला एक खडा खाली टाकायला सांगत. पुढे खड्यांची गरज उरली नाही, सवय राहिली. वडील गेले तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. औत कसं धरायचं हे त्याला मीच शिकवलं. पिल्लू आलं त्या वर्षी घरात आम्ही चौघं होतो. मी, माझी बायको, भाऊ आणि त्याची बायको. माझ्या दोन्ही मुली सासरी गेल्या होत्या, भावाला अजून मूल नव्हतं. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी बोलत नाही. तिला काही सांगायचं असलं की ती माझ्या बायकोला सांगायची आणि बायको मला. सहा वर्षांत ती माझ्याशी थेट एकदाच बोलली होती, गोठ्यात माझ्या पायाशी साप निघाला तेव्हा.

त्या दिवाळीच्या आधी बाजरी निघालेल्या रानात आम्ही खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. धनगरांच्या वाड्याचा मुक्काम दहा दिवस होता. ते उठून चालले त्या सकाळी भाऊ त्यांच्याकडून एक पिल्लू घेऊन आला. तांबड्या रंगाचं, पोट मोठं, वय दोन महिने. मी म्हणालो की हे कशाला. आधीच्या दोन पावसाळ्यांनी हात आखडता घेतला होता, बाजरीची पोती नेहमीच्या निम्मी झाली होती आणि काळं कुत्रं एकटंच दिवसाला तीन भाकऱ्या खात होतं.

"दादा, जोडीला जोडी असावी," भाऊ म्हणाला. "एकटं कुत्रं किती बाजू राखणार? विहिरीकडली बाजू उघडीच हाय."

विहीर रानाच्या बरोबर मध्यावर, घरापासून एकशे साठ पावलांवर. बाजू उघडी होती हे खरंच होतं. खऱ्या कारणाला मी कधी नाही म्हणत नाही. पिल्लू राहिलं.

पहिल्या दिवशी मी जे केलं ते मला त्या वेळी अगदी योग्य वाटलं. दोघांना सारख्या दोन जर्मन धातूच्या थाळ्या घेतल्या. एका भाकरीचे दोन सारखे भाग केले आणि दोन्ही थाळ्या एकाच वेळी, एकमेकींपासून दोन हातांवर ठेवल्या. नजरेने मी भाकरी बरोबर मध्यावर मोडू शकतो, तरी खात्रीसाठी ते दोन तुकडे तागडीत टाकून पाहिले. बायको चुलीपाशी बसून बघत होती. "सोनं हाय का त्ये?" ती म्हणाली. मी तिला सांगितलं की पहिल्या दिवसापासून सारखं दिलं की भांडणाला जागा राहत नाही.

काळ्याने थाळीकडे पाहिलं. मग पिल्लाच्या थाळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तुकड्याला तोंड न लावता ते उठलं आणि गोठ्यामागे जाऊन बसलं. पिल्लाने दोन्ही थाळ्या साफ केल्या. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी तेच, फक्त आता ते गुरगुरत होतं. पिल्लू दहा पावलांच्या आत आलं की गुरगुर, पाचाच्या आत आलं की दात.

मग मी दुसरी चूक केली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. नवा गोऱ्हा शिकवायचा असला की आम्ही तो जुन्या बैलाच्या जोडीला जुंपतो. पहिले चार दिवस ओढाताण होते, मग खांदा बसतो. असे सात गोऱ्हे मी माझ्या हाताने वळवले होते. कुत्र्याचं वेगळं असेल असं माझ्या मनातच आलं नाही. मी एक दावं घेतलं, त्याची दोन टोकं दोघांच्या गळ्यात बांधली, मधे दीड हात अंतर ठेवलं आणि दोघांना घेऊन बांधावर फेऱ्याला निघालो. शहाऐंशी पावलांवर पिल्लू घाबरून काळ्याच्या पोटाखाली शिरलं. काळ्याने त्याचा डावा कान धरला. मी सोडवेपर्यंत कानाचं टोक फाटलं होतं.

दावं सुटताच काळं पळालं आणि विहिरीवर जाऊन बसलं. तीन दिवस ते घराकडे आलं नाही. मी सकाळ-संध्याकाळ भाकरी घेऊन जायचो. ते तोंड फिरवून घ्यायचं. वर्षभर ज्या जनावराने प्रत्येक कोपऱ्यावर माझी वाट पाहिली, ते मी समोर उभा असताना विहिरीतल्या पाण्याकडे बघत होतं. मला ते फार लागलं. आपण त्याला दगा दिला असं मनात येत होतं, आणि कुठे दिला ते नीट सापडत नव्हतं. मी तर सगळं सारखंच केलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायको म्हणाली की धाकटी एक सांगतेय, ऐकणार असाल तर सांगते. भावजयीचं माहेर माळावरचं, घरात मेंढरं होती. तिचं म्हणणं असं की आई मेलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं तर आधी त्या मेंढीचा वास कोकराला लावतात. काळ्याच्या झोपायच्या गोणपाटाचे दोन तुकडे करा. एक पिल्लाखाली घाला, एक काळ्याला ठेवा, आणि चार दिवसांनी अदलाबदल करा. भाकरी आधी काळ्याला द्या. त्याचं निम्मं खाऊन झालं की मग पिल्लाला. पिल्लाला त्याच्यासमोर हातात घेऊ नका.

"सारखं सारखं करू नका म्हनती," बायकोने शेवटी सांगितलं. "थोरल्याला थोरला ऱ्हाऊ द्या."

मी तसं केलं. गोणपाट कापताना पट्टी लावून कापलं, तेवढं मात्र माझ्याने राहवलं नाही. चौथ्या दिवशी काळं घरी आलं. आपली भाकरी खाल्ली, मग पिल्लाला खाताना बघत उभं राहिलं. गुरगुरलं नाही. नवव्या दिवशी पिल्लू त्याच्या शेपटीशी खेळलं आणि त्याने खेळू दिलं. सतराव्या दिवशी मी दोघांना मोकळं सोडून बांधाचा पूर्ण फेरा मारला. काळं पुढे, मी मधे, पिल्लू मागे. पहिल्या कोपऱ्यावर काळ्याने मागे वळून पाहिलं. आधी माझ्याकडे, मग माझ्या मागे पिल्लाकडे.

संक्रांतीपर्यंत दोघं एका गोणपाटावर झोपायला लागली. आणि एक गोष्ट मी कुणी सांगितली असती तर खरी मानली नसती. काळं आपल्या दीड भाकरीतला चतकोर तुकडा थाळीत ठेवून बाजूला व्हायचं. पिल्लू येऊन तो खायचं. रोज चतकोर, फार कमी नाही की जास्त नाही. मी ते अकरा दिवस ओळीने पाहिलं आणि मग भावाला बोलावून दाखवलं.

मला अभिमान वाटला होता, हे कबूल करतो. मी त्याला म्हणालो, "बघ. एका घरात दोघं राहू शकतात. ज्याचा मान आधी, त्याला आधी द्यायचं. मग थोरला आपण होऊन आपल्यातलं देतो."

भाऊ हातातल्या काठीने मातीत रेघ ओढत होता. "व्हय दादा," तो म्हणाला आणि रानात गेला.

आता मागे बघताना त्या हिवाळ्यातल्या बाकीच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत, कारण त्या सगळ्या माझ्या डोळ्यांसमोर झाल्या आणि एकूण एक मी मोजल्या. मार्गशीर्षात वडारणी पाटे-वरवंटे विकायला आल्या. घरात पाटा होता, तरी भावजयीने दुसरा घेतला. कारण सांगितलं, जुना गुळगुळीत झालाय. जुना मी हात फिरवून पाहिला, खरंच गुळगुळीत झाला होता. टाकी लावून खरबरीत केला की चालला असता, पण मी बोललो नाही. पौषात दुसरा रांजण आला. उन्हाळा कडक जाणार म्हणून. मग दुसरा कंदील. मग दुसरा तवा, एकावर भाकऱ्या उरकत नाहीत म्हणून. चौघांच्या आणि दोन कुत्र्यांच्या भाकऱ्या मोजल्यावर मला तेही पटलं. बैलजोड्या आधीपासून दोन होत्या. माघात भावाने विहिरीच्या पलीकडे, पाणी उपसायच्या इंजिनाच्या खोलीला लागून एक छप्पर घातलं. बारा फूट बाय अठरा. कडबा भिजतो, म्हणाला. मी बांधकाम बघायला गेलो तेव्हा भिंतीत खिडकी ठेवलेली दिसली. कडब्याला खिडकी कशाला, असं मी विचारलं. त्याने सांगितलं की हवा लागली म्हणजे बुरशी धरत नाही. मला ते हुशारीचं वाटलं. मी दोन-तीन जणांना ते सांगितलंसुद्धा.

पाटा दोन, रांजण दोन, कंदील दोन, तवे दोन, जोड्या दोन. यातला एकही आकडा मला चुकीचा माहीत नव्हता. पण सगळीकडे दोनच का, हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. ज्याला पेंढीतली काडी कमी झालेली कळते त्याला हे कळू नये, याची मला आजही लाज वाटते.

होळीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मामा आले. आमचे हे एकच मामा, वय सत्तरीचं, बोलायला मोकळे. त्यांच्याबरोबर गावातली दोन पोक्त माणसं होती. मामा एकटे येतात तेव्हा जेवायला येतात, दोघांना घेऊन येतात तेव्हा कुणाचं तरी लग्न ठरवायला. घरात लग्नाचं कुणी नव्हतं. मी बायकोला चहा टाकायला सांगितलं. ती चुलीकडे न जाता दारात तशीच उभी राहिली, आणि भाऊ खाली मान घालून ओट्याच्या टोकाला बसला. 

मामांनी आढेवेढे घेतले नाहीत. "धाकट्याला येगळं व्हायचंय," ते म्हणाले. "भांडण न्हाई, तंटा न्हाई. पाडव्याच्या आत उरकून टाकू."

मी भावाकडे पाहिलं. तो वर बघेना. मी विचारलं की माझं काय चुकलं. मी कुठे कमी दिलं, कुठे जास्त घेतलं, ते सांग. एकवीस वर्षांतली एक गोष्ट सांग.

 मग तो बोलला. "दादा, तुमचं चुकत काहीच न्हाई. तेच अवघड हाय. माझी बायको पाण्याची कळशी आनती तरी तिला वाटतं, कुनीतरी मोजतंय."

कळशा मी खरंच मोजत होतो. कुणाला बोलायला नव्हे. मोजल्याशिवाय मला राहवत नाही, एवढंच.

मामांनी वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. त्यांनी घरातून एक चक्कर मारली, पाटे पाहिले, रांजण पाहिले आणि ओट्यावर येऊन बसले. "पोरांनी शानपनानं केलंय," ते त्या दोघा पोक्त माणसांना म्हणाले. "काय फोडायचं न्हाई, तोडायचं न्हाई. समदं दोन दोन हाय." मग अंगणात पडलेल्या कुत्र्यांकडे बोट दाखवून हसले. "आन् कुत्रीबी दोन. न्हाईतर वाटनीत शेपूट कुनाला द्यायचं ह्याचा निवाडा मलाच करावा लागला असता."

दोघं पोक्त हसले. मी अंगणात पाहिलं. काळं आडवं पडलं होतं आणि पिल्लू, आता सहा महिन्यांचं, त्याच्या पोटाला पाठ टेकून झोपलं होतं. विहिरीकडली बाजू उघडी हाय. जोडीला जोडी असावी. दिवाळीनंतर सहावा दिवस. म्हणजे चार महिने आधी ठरलं होतं. मी ज्या दिवशी त्या दोघांना एकत्र कसं ठेवायचं याचा विचार करत भाकरी तागडीत टाकत होतो, त्या दिवशी या घरात एकत्र न राहायचं ठरून गेलं होतं, आणि हे पिल्लू त्या वाटणीतला पहिला नग होता. मला वास लावण्याची युक्ती सांगणाऱ्या भावजयीला ते माहीत होतं. मी अभिमानाने चतकोर भाकरी दाखवत होतो तेव्हा मातीत रेघ ओढणाऱ्याला ते माहीत होतं.

पाहुणे जेवून गेल्यावर मी बायकोला विचारलं की तुला कधी कळलं. ती म्हणाली, संक्रांतीला. वाण लुटायला गेल्या तेव्हा धाकटीने सांगितलं आणि गळ्याची शपथ घातली. म्हणजे दोन महिने.

"मला सांगायचं होतं," मी म्हणालो.

"सांगून काय झालं असतं?" ती म्हणाली. "तुमी मोजायला बसला असता."

त्यानंतर आठ दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोललो. ते बरोबर होतं की चूक, हे अजून ठरवलेलं नाही.

आमच्याकडे वाटणीची रीत अशी की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. त्यामुळे थोरल्याला लबाडी करता येत नाही. केली तर वाईट वाटा त्याच्याच अंगावर येतो. मी चार दिवसांत वाटे पाडले. रान साखळीने मोजून मधोमध, विहिरीवरून रेघ काढली. पूर्वेकडे सात एकर तीस गुंठे, पश्चिमेकडे तेवढंच. पश्चिमेला घर, म्हणून पूर्वेला नवं छप्पर, जादा कडबा आणि चांगली बैलजोडी. विहिरीच्या पाण्याची पाळी चार-चार दिवस. भांड्यांचे वाटे आपोआप पडले.

कुत्र्यांपाशी मी अडलो. काळं हवं असेल तर ते मला पश्चिमेच्या वाट्यात घालता आलं असतं. भाऊ पूर्वेचाच वाटा उचलणार हे छप्पर घातलं तेव्हाच ठरलेलं होतं. पण रीत अशी आहे की वाटे पाडताना कोणता कुणाला जाणार हे थोरल्याला माहीत नाही असं धरायचं. मला तर आता पुरतं माहीत होतं. मी दोन दिवस त्यावर विचार केला. शेवटी मामांना सांगितलं की कुत्री वाट्यात धरू नका, धाकटा सांगेल ते. भावाने सांगितलं की पिल्लू त्याने आणलं, ते त्याचं. काळं दादाचं. मामा म्हणाले, झालं. मी मान हलवली, आणि खरं सांगायचं तर त्या अख्ख्या महिन्यात मला बरं वाटलं ते त्याच क्षणी. सगळं गेलं तरी हे आपलं राहिलं, असं.

पाडव्याच्या दिवशी त्यांनी चूल हलवली. भाऊ पिल्लाच्या गळ्यात दोरी घालून बांधावरून निघाला. पिल्लू दर दहा पावलांना बसत होतं. काळं अंगणात उभं राहून बघत होतं. ते विहिरीपर्यंत पोहोचले तेव्हा काळं निघालं. मी हाक मारली. त्याने मागे वळून पाहिलं, कोपऱ्यावर पाहायचं तसं, आणि पुढे गेलं.

पहिले पाच दिवस ते सकाळ-संध्याकाळ भाकरीपुरतं घरी यायचं. दीड भाकरीतली अर्धी जागेवर खायचं, उरलेली एक तोंडात धरून दोनशे पावलं चालत पलीकडे न्यायचं. सहाव्या दिवशी मी ते बांधून ठेवलं. तीन दिवस त्याने तोंडात काही घेतलं नाही. ते तीन दिवस माझ्या ओळखीचे होते. ते तेव्हाही असंच बसलं होतं, फक्त विहिरीच्या ऐवजी आता खुंट्याशी. चौथ्या दिवशी मी गाठ सोडली.

त्यानंतर ते आलं नाही.

आठवडाभराने भाऊ त्याला दोरीने धरून घेऊन आला. वाटणीनंतर तो पहिल्यांदाच घरी येत होता. अंगणाच्या कडेलाच उभा राहिला. "दादा, तुमचं कुत्रं," तो म्हणाला. "उगं कुनी म्हनायला नको, ह्यानं ओढून नेलं."

मी म्हणालो, "तू ओढून नेलं नाहीस हे मला माहीत आहे. त्याला पिल्लाला धरून राहायला मी शिकवलं. तुम्ही कुणी मला सांगितलं नाहीत की ते शिकवायचं नव्हतं."

तो उभा राहिला.  मग त्याने वाकून दोरीची गाठ सोडली आणि गेला. काळं थोडा वेळ माझ्या पायाशी बसलं, इतकं की मला आशा वाटायला लागली. मग ते उठून त्याच्या मागे गेलं. मी त्याला दोष देत नाही. माणसांना देतो.

बायको अजूनही कधीकधी चुकून तीन भाकऱ्या जास्त करते. मी मोजतो आणि बोलत नाही.

पुढे तो मोठा दुष्काळ आला. विहिरीच्या पायऱ्या एकामागून एक उघड्या पडत गेल्या आणि चार-चार दिवसांची पाळी दोन-दोन तासांवर आली. त्या उन्हाळ्यात एका सकाळी मी मधल्या बांधावर उभा होतो आणि पलीकडून भावजय कडब्याची पेंढी घेऊन आली. मला बघून तिने पदर सावरला. ती वळून जाईल असं मला वाटलं. पण ती थांबली आणि माझ्याकडे न बघता, जमिनीकडे बघत बोलली.

"भावजी, काळ्याला आधी घालते मी. मग पिल्लाला."

सात वर्षांत हे दुसरं. मी बरं म्हणालो. ते चांगल्या मनाने सांगितलेलं होतं, हे मला कळत होतं. पण जिथे आधीचा मान आधी द्यायची रीत कुत्र्यासाठी पाळली गेली, तिथे मला एक शब्द आधी सांगावा असं कुणाला वाटलं नाही, हेही त्याच वेळी मनात आलं. 

सकाळचा फेरा मी अजून मारतो. जमीन निम्मी झाली पण फेरा निम्मा झाला नाही, ही गोष्ट मला आधी लक्षात आली नव्हती. साडेपंधरा एकरांना तेराशे चाळीस पावलं लागत होती, तर पावणेआठ एकरांना सहाशे सत्तर लागायला हवीत असं माणूस धरून चालतो. लागतात नऊशे चाळीस. कारण मधला बांध आता दोघांचा आहे आणि तो दोघांनाही पूर्ण चालावा लागतो, दोनशे सत्तर पावलं. मी तो चालत असलो की पलीकडून काळं येतं आणि त्यांच्या बाजूने, माझ्या बरोबरीने चालतं. त्याच्या मागे तांबडं, ते आता त्याच्यापेक्षा उंच झालंय, डाव्या कानाचं टोक फाटलेलं. बांध संपतो तिथे काळं थांबतं. मी माझ्या कोपऱ्यावरून वळतो. ते मागे बघतं की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण मी वळून पाहत नाही.